मुंबईतून बिऱ्हाड हलवताना: परवडेल आणि आपलं मानेल अशी वस्ती कशी शोधावी

परळच्या चाळीतून आमचं बिऱ्हाड हललं तेव्हा घरात पाच माणसं होती: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. घर शोधायला मात्र आम्ही दोघंच जायचो, तेही रविवारी दुपारी. स्टेशन किती मिनिटांवर, फास्ट गाडी थांबते का, हप्ता बसतो का, एवढंच विचारायचो. म्हणजे ज्या घरी आम्ही दोघं जेवायला-झोपायलाच येणार होतो, ते घर आम्ही आमच्याच सोयीनं पारखलं. दिवसभर तिथे राहणार होत्या त्या सासूबाई आणि शाळेतून येणारी मुलं. त्यांच्या बाजूनं कुणी पाहिलंच नाही. दीड वर्षात ते घर सोडावं लागलं.

दुसऱ्यांदा शोधलं तेव्हा उलट्या टोकानं सुरुवात केली. त्यानंतर नात्यातल्या, ऑफिसातल्या कितीतरी कुटुंबांबरोबर कल्याणपासून उलव्यापर्यंत घरं पाहत फिरले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: घरातलं जे माणूस सर्वांत जास्त वेळ घरी असतं, त्याच्यासाठी वस्ती निवडायची. नोकरीवाल्यासाठी गाडी निवडायची. मुंबईपासून जितकं लांब जाल, तितकी शेजाऱ्याची गरज वाढते. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर आहे. तुम्ही फोर्टात असताना घरून फोन आला की आईला चक्कर आली, तर ऑफिसातून निघून घराच्या दारात पोचायला दोन तास सहज जातात. त्या दोन तासांत आईजवळ कोण असेल, हे घर घेण्याआधी ठरलेलं असायला हवं.

पहिलं काम: एक वही आणि पाच माणसांचा दिवस

वहीत प्रत्येक माणसाचं एकेक पान करा आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस लिहा. आजींना जिने चढवतात का? संध्याकाळी त्या कुठे बसणार? रक्तदाबाची गोळी संपली तर स्वतः चालत जाऊन आणू शकतील का? मुलगी क्लासवरून साडेसातला येते, तर त्या रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का? लहानग्याला शाळेतून कोण आणणार, आणि तुमची गाडी रखडली तर पाळणाघरवाल्या ताई किती वाजेपर्यंत थांबतील?

नोकरीवाल्यांच्या पानावर कामाचं ठिकाण ठळक लिहा, कारण रेल्वेची लाइन त्यावरून ठरते. काम अंधेरी-गोरेगावला असेल तर कल्याणच्या पुढचं घर म्हणजे रोज दादरला पूल चढून लाइन बदलणं. काम ऐरोली-महापे पट्ट्यात असेल तर ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल मिळते, तिथे कळवा-डोंबिवलीची बाजू बरी पडते. नवरा एका लाइनवर आणि बायको दुसऱ्या लाइनवर असेल, तर ज्याची परतीची वेळ उशिराची आहे त्याच्या लाइनवर घर घ्यावं असं माझं मत आहे. रात्री दहानंतर गाडी बदलणं सकाळच्यापेक्षा कितीतरी जड जातं.

खरा खर्च

‘भाडं निम्मं होतं’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. भाडं किंवा हप्ता, मेंटेनन्स, पास, दोन्ही टोकांची शेअर रिक्षा, पाळणाघर, उन्हाळ्यातल्या टँकरचा वाटा आणि उशीर झाल्यावर बाहेरून आणलेली पोळीभाजी, असं सगळं एकाखाली एक मांडा. दुसऱ्या वर्गाचा पास आजही स्वस्त आहे. पैसे जातात ते स्टेशन ते घर या टप्प्यात. शेअर रिक्षाचे एका फेरीचे २० रुपये धरा. दोघं जण, येऊन-जाऊन, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०८० रुपये झाले. स्टेशनपासून चालत अंतरावरचं घर दोन हजारांनी महाग असेल, तर ते महाग नाही.

विकत घेणार असाल तर किमतीवरचे पैसे आधीच बाजूला ठेवा. ठाणे, कल्याण-डोंबिवली अशा महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के पडतं. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ४० लाखांच्या घरावर २ लाख ८० हजार आणि वर ३० हजार. घर बायकोच्या एकटीच्या नावावर केलं तर यातले ४० हजार वाचतात, आणि घर तिच्या नावावर होतं हे वेगळंच. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटी लागतो: साधारणपणे ५ टक्के, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ६० चौरस मीटर कारपेटपर्यंतच्या (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) घराला १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला तो लागत नाही.

म्हाडा आणि सिडको या घरं बांधून विकणाऱ्या सरकारी संस्थांकडे दुर्लक्ष करू नका. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गटात आणि ९ लाखांपर्यंत असेल तर अल्प गटात अर्ज करता येतो. म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळींजची घरं लॉटरीत उरत राहिली आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ तत्त्वावर विकायला काढावी लागली. ती उरण्याचं एक मोठं कारण पाणी होतं. म्हणून सरकारी घरालाही पुढचे सगळे प्रश्न विचारायचेच.

कोणती बाजू?

मध्य रेल्वेवर डोंबिवली मराठी कुटुंबाला सर्वांत लवकर रुळवून घेते, असा माझा अनुभव आहे. गिरगाव-लालबागच्या अर्ध्या नातेवाइकांचा पत्ता आधीच तिथला असतो. २०१७ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन तिथे झालं, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी तर गाव ओळखलं जातं. पण स्टेशनजवळची घरं आता स्वस्त राहिलेली नाहीत, आणि सकाळी कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्ट गाडीत डोंबिवलीला चढणं जिवावरचं असतं. जून २०२५ मध्ये दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान गाडीतून पडून प्रवासी गेले, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की जिथून गाडी सुटते ते स्टेशन पाहा. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा आणि डोंबिवलीहूनही काही लोकल सुटतात. सुटणारी गाडी दहा मिनिटं जास्त घेत असेल, पण बसायला मिळालं तर तीच पकडावी.

वांगणी, शेलू, नेरळ आणि दुसऱ्या बाजूला वासिंद, आसनगाव इथे घरं आणखी स्वस्त आहेत, हवा छान आहे. पण गाड्या कमी. एक चुकली की बराच वेळ फलाटावर. दोघंही रोज मुंबईला जाणार असतील तर मी या पट्ट्याचा सल्ला देत नाही. एक जण घरून काम करत असेल किंवा निवृत्त असेल तर जरूर जा.

पश्चिम रेल्वेवर वसईला जुन्या गावाचा ओलावा आहे. विरारहून गाडी सुटते, तीच तिथली जमेची बाजू. नालासोपाऱ्यात भाडी कमी आहेत, पण विकत घेताना कागदपत्रं तिथे दुप्पट काळजीनं पाहायला लागतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

नवी मुंबईच्या बाजूला उलवे-द्रोणागिरीकडे सिडकोच्या सेक्टरचे रुंद रस्ते आहेत. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, पण गाड्यांमधलं अंतर मोठं आहे आणि सीएसएमटीला जायचं तर नेरुळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. तिकडून मुंबईला जोडणारा समुद्रावरचा पूल, अटल सेतू, तोही त्याच महिन्यात सुरू झाला. मात्र मोटारीचा एका फेरीचा टोल २५० रुपये आहे, तेव्हा रोजच्या नोकरीचा हिशेब सेतूवर बांधू नका. जुनं पनवेल मला आवडतं. बाजार, दवाखाने, शाळा, देवळं सगळं चालत. फक्त पनवेलच्या हार्बर लाइनला फास्ट गाडी नाही, हे लक्षात ठेवायचं.

आणि कुठल्याही बाजूला एजंट ‘इथे मेट्रो येणार आहे’ म्हणाला, तर जी आज धावतेय तेवढीच गाडी धरा.

मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा

पाण्यासाठी घर मेमध्ये पाहा. फ्लॅटमधला नळ उघडून काही कळत नाही, कारण गच्चीवरची टाकी कुणीतरी भरलेली असते. खाली वॉचमनला विचारा: टँकर महिन्यात किती येतात, महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, बोअरिंगचं पाणी कुठे वापरतात? सोसायटीच्या हिशेबात टँकरचं बिल वेगळं दिसतं. मागच्या वर्षीचं ताळेबंदपत्रक मागून घ्या. ठाण्याचा घोडबंदर रोड आणि कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं इथे नव्याकोऱ्या मोठ्या संकुलांनाही पाण्याची रड आहे. इमारत भारी दिसली म्हणून पाणी असेल असं धरू नका. आमचं पहिलं घर याच कारणानं सुटलं. जाहिरातीत चोवीस तास पाणी होतं. एप्रिलपासून सासूबाई रात्री अडीचला उठून बादल्या भरत होत्या आणि आम्हाला त्रास नको म्हणून बोलत नव्हत्या.

पावसासाठी जुलैत जा, मोठ्या सरीच्या दुसऱ्या दिवशी. उल्हास नदीच्या काठावर बदलापूर, कल्याण आणि काळू नदीच्या काठावर टिटवाळा या गावांचे सखल भाग आहेत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच्या आदल्या वर्षी वसई-विरारचे बरेच भाग दिवसच्या दिवस पाण्यात होते. तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ कुठवर आहे ते पाहा. वाण्याच्या दुकानात पोती जमिनीवर आहेत की उंच फळीवर? जुन्या दुकानदाराला ‘२००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारलं की तो हातानं उंची दाखवतो. त्यासारखा पुरावा दुसरा नाही.

हवेसाठी रात्री थांबा. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, तळोजा इथल्या एमआयडीसींच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतींच्या, आसपास वास रात्री आणि पहाटे जास्त जाणवतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर रासायनिक कारखान्यांच्या जवळचं घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

आपलं मानतील का?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते. एजंटाला विचारून उत्तर मिळत नाही. स्वतः जाऊन बसावं लागतं.

कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ सोसायटीच्या आवारात किंवा समोरच्या बाकावर बसा. आजी-आजोबा खाली उतरतात का? मुलं खेळतात का, की भिंतीवर ‘खेळण्यास सक्त मनाई’ आणि दंडाची रक्कम लिहिलीय? नोटीस बोर्ड सावकाश वाचा. थकबाकीदारांची नावं लावणारा बोर्ड आणि कोजागिरीला दूध आटवायचंय म्हणून नावं मागणारा बोर्ड, यातून सोसायटीचा स्वभाव लगेच कळतो. लिफ्टमध्ये घरकामाच्या बायकांना येऊ देतात का, हेही पाहा. ज्यांच्याकडून आपलं काहीच निघत नाही त्यांना ही माणसं कसं वागवतात, यावरून उद्या तुमची आई एकटी असताना तिला कसं वागवतील ते समजतं.

मग विचारायला लागा. मालकाला नको, भाडेकरूला विचारा. ‘तुम्हाला इथे किती दिवस झाले? आजारी पडलात तेव्हा कोण आलं? गणपतीत भाडेकरूंना आरतीला बोलावतात का?’ इस्त्रीवाला, दूधवाला, वॉचमन यांच्याशी दहा मिनिटं बोला. शक्य असेल तर सासूबाईंना सोबत न्या. माझ्या सासूबाईंनी आत्ताच्या घरासाठी होकार दिला तो घर बघण्याआधी. खालच्या बाकावर एका काकूंनी त्यांना सरकून जागा दिली, माहेर कुठलं विचारलं, आणि दोघींचं माहेर चिपळूण निघालं.

नकाराबद्दलही मोकळेपणानं बोलायला हवं. ‘फक्त शाकाहारी’, ‘फॅमिली चालेल, पण आडनाव काय?’, असे प्रश्न फोनवर सर्रास येतात. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिसची जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि आपण सगळे चिडलो. चिडणं योग्यच होतं. पण माझ्या एका मैत्रिणीला तिच्या आडनावामुळे मराठी सोसायट्यांनीच तीनदा टाळलं, आणि दुसऱ्या एका मराठी मुसलमान सहकाऱ्याला घर मिळायला आठ महिने लागले. अशा ठिकाणी हुज्जत घालून घर मिळालंही, तरी तुमची मुलं तिथे रोज वाढणार आहेत. म्हणून पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाका: आम्ही मासे खातो, आमचं आडनाव हे, आमच्याकडे आई राहते. जो तिथेच गप्प होईल त्याच्याकडे गाडीभाडं घालून जायचं वाचतं. आणि ज्या सोसायटीत वेगवेगळ्या आडनावांच्या पाट्या दिसतात तिला प्राधान्य द्या, तुमचं आडनाव कुठेही चालणारं असलं तरीसुद्धा. ती माणसं नव्याला सामावून घ्यायला सरावलेली असतात.

सोसायटीच्या बाहेर तीन गोष्टी शोधा: वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ आणि भजनी मंडळ किंवा बचत गट. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. अशी एखादी जुनी संस्था जवळ असेल तर नव्या माणसाला गावात शिरायला दार मिळतं.

आधी अकरा महिने भाड्यानं

वस्ती आवडली तरी लगेच विकत घेऊ नका. तिथेच एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्यानं काढा. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्यानं देण्या-घेण्याचा करार, नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं ठरावीक व्याज यांच्या अवघं ०.२५ टक्के असतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. ‘नोटरी करून टाकू, स्वस्त पडेल’ या म्हणण्याला हो म्हणू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर भाड्याच्या पत्त्याला नोंदणीकृत करारच लागतो. शाळेचं अंतर घरापासून मोजतात, १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते. म्हणून अशा कुटुंबांनी शाळा आधी हेरावी आणि मग गल्ली.

मुलांची बदली शक्यतो एप्रिल-मेमध्ये करा. जुन्या शाळेतून दाखला घेण्याआधी नव्या शाळेत जागा आहे हे लेखी घ्या. दहावीत जाणारं मूल असेल तर वर्षभर थांबा.

विकत घेताना

इथे माया-ममता बाजूला ठेवायची. डोंबिवलीत ६५ इमारती खोट्या बांधकाम परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीही मिळाली, बँकांनी कर्जंही दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. त्या घरांतली माणसं तुमच्या-आमच्यासारखीच पगारातून हप्ते भरणारी होती.

तेव्हा महारेराचा नंबर बघून थांबू नका. बांधकाम परवान्याची प्रत घ्या, त्यावरचा क्रमांक आणि तारीख टिपा, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन ‘हा परवाना तुम्हीच दिलाय का?’ हे तपासा. लेखी उत्तरासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा, ३० वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा शोध, स्वतःच्या वकिलाकडून करा. बिल्डरनं सुचवलेला वकील नको. ओसी नसलेली इमारत ‘सगळेच राहतात’ म्हणून घेऊ नका. सिडकोच्या जमिनीवरचं घर भाडेपट्ट्यानं असतं, म्हणून हस्तांतराची परवानगी आणि शुल्क आधी विचारा. पुनर्विक्रीच्या घरात शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा ‘येणं नाही’ दाखला लागेल. सोसायटीला हस्तांतर प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘डोनेशन’च्या नावानं जास्त मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणावं.

गेल्यानंतरचा पहिला आठवडा

सामान लागायच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, घरातल्या सगळ्यांनी मिळून मजल्यावरच्या प्रत्येक दारी जाऊन यावं, मुलांनाही न्यावं. आजींना कोण शेजारी आहे, मुलांना कुठे धावत जायचं, हे त्याच दिवशी कळतं. एक किल्ली कुणाकडे ठेवायची ते महिनाभरात ठरवा. स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात: शेजारचे दोन नंबर, रात्री येणारा डॉक्टर, ओळखीचा रिक्षावाला, पाणी सोडणारा माणूस, शाळा. आमच्या दाराआडचा कागद सासूबाईंनी स्वतः लिहिलाय, आणि त्यावर सर्वांत वर आमचे नंबर नाहीत, खालच्या मजल्यावरच्या त्या चिपळूणच्या काकूंचा आहे.